पहिला ठोका यूसुफचा

मिल सोडून माणूस कायमचा घरी निघाला की त्याला वाजवायचं, अशी तिथली पद्धत होती. शिफ्ट संपता संपता लाइन थांबवायची. निघणारा माणूस भट्टीच्या तोंडापासून चालायला लागायचा आणि सळया लाटणाऱ्या रोलच्या रांगेला धरून थेट गेटपर्यंत जायचा. तो चालत असताना ज्याच्या हाताशी जे असेल ते त्याने लोखंडावर हाणायचं. कोणी पाना घेऊन रुळावर, कोणी हातोडा घेऊन सळयांच्या भाऱ्यावर, आणि वर क्रेनमध्ये बसलेला विठ्ठल केबिनच्या पत्र्यावर. कुवेतच्या दक्षिणेकडच्या त्या कारखान्यांच्या वस्तीत एवढा दणका उठायचा, की शेजारच्या सिमेंटवाल्यांचा पठाण वॉचमन बाहेर येऊन कानात बोटं घालून उभा राहायचा. निघणारा कितीही निगरगट्ट असो, गेटपाशी पोचेपर्यंत त्याचा चेहरा ओला झालेला असायचा. घाम आहे असं तो सांगायचा आणि सगळे मान डोलवायचे.

पहिला ठोका यूसुफचा असायचा. यूसुफ परकार, रोलिंगचा फोरमन, दाभोळच्या खाडीकाठचा. त्याने एक नंबरच्या स्टँडवर, म्हणजे रोलच्या पहिल्या चौकटीवर, घण घातला की मग बाकीच्यांनी सुरुवात करायची. त्याने किती जणांना असं वाटेला लावलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. मिसरी, बंगाली, पेशावरचे, आपल्या रत्नागिरी-रायगडचे. प्रत्येक वेळी घण खाली ठेवताना त्याच्या मनात यायचं, आपल्या वेळेला हे लोक छप्पर खाली आणतील. आयुष्यात त्याने फार काही मागितलं नव्हतं. एवढं मात्र त्याने धरून ठेवलं होतं.

ही पद्धत काही कुवेतची नव्हे, कोकणचीही नव्हे. ती मशीनबरोबर आली. लढाई संपून कुवेत पुन्हा बांधायला काढलं होतं आणि सळया कितीही आणल्या तरी पुरत नव्हत्या. तेव्हा मिलच्या शेठने वेल्स देशातल्या एका बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची अख्खी रोलिंग मिल विकत घेतली आणि जहाजातून आणवली. तिच्याबरोबर ती उभी करून द्यायला ग्विन नावाचा फोरमन आला. लालबुंद, बुटका, कुवेतच्या उन्हात भाजलेल्या वांग्यासारखा सोलवटणारा. यूसुफ त्याचा हेल्पर. ग्विनचं इंग्रजी यूसुफला निम्मं कळायचं आणि यूसुफचं ग्विनला पाव, तरी दोघांचं झकास जमलं. मशीन ज्या गावातून आलं त्याचं नाव यूसुफला कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून मिलमध्ये सगळे त्याला ग्विनचं गाव म्हणत. एक नंबरच्या स्टँडच्या बिडाच्या अंगावर ते नाव ओतीव अक्षरांत उठून दिसायचं. यूसुफ रोज सकाळी त्यावरून हात फिरवायचा.

ग्विन चहा पिताना गावाबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. दोन्हीकडे डोंगर, मधे नदी, नदीकाठी कारखाना आणि उतारावर एकमेकांना टेकून उभी राहिलेली घरं. कारखान्याच्या भोंग्यावर गाव उठायचं, जेवायचं, झोपायचं. गावातलं वाचनालय कामगारांनी पगारातून वर्गणी कापून बांधलेलं, आजाऱ्यांचा फंडही तसाच. क्लब कारखान्याचा, बँड कारखान्याचा. रविवारी प्रार्थनेला भट्टीवालेच ओळीत उभे राहून गायचे, आणि शनिवारी तेच चिखलात लोळत चेंडूसाठी एकमेकांची डोकी फोडायचे. बापाच्या जागी मुलगा लागायचा. असं दीडशे वर्षं चाललं. मग दूरच्या शहरात बसलेल्या काही शहाण्यांना इथलं पोलाद महाग पडतं असं आढळलं आणि त्यांनी गावाचा गळा दाबला. गळा दाबणाऱ्यांना पुढे मानमरातब मिळाले असणार, असं यूसुफला नेहमी वाटे.

त्या कारखान्याच्या शेवटच्या दिवशी आत माणसं एकमेकांना वाजवत होती. पण सगळेच निघालेले, तर शेवटच्याला कोण वाजवणार? म्हणून गावातल्या बायका घरातली भांडी घेऊन गेटबाहेर उभ्या राहिल्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी बाहेरून वाजवलं. हे सांगताना ग्विन कप खाली ठेवायचा. स्वतः तो कसा निघाला हे त्याने कधी सांगितलं नाही आणि यूसुफलाही विचारायचं सुचलं नाही.

मिल नीट चालायला लागल्यावर ग्विन परत गेला. जायच्या दिवशी त्याने यूसुफच्या हातात घण दिला आणि पहिला ठोका कुठे घालायचा ते दाखवलं. सगळ्यांनी वाजवलं. ग्विन गेटपाशी पोचला आणि भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला. गोऱ्याला आपला एवढा लळा लागला, असं म्हणत यूसुफ पुढे कित्येक वर्षं छाती फुगवून ती गोष्ट सांगत राहिला.

पुढे मिलचंही एक गाव झालं. ते मिलपाशी नव्हतं, शहराकडच्या खैतान वस्तीत होतं. तिथल्या एका चार मजली इमारतीला किराण्याच्या बकालेवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे मिलवाल्यांची बिल्डिंग म्हणत. शुक्रवारी धुळीत क्रिकेट व्हायचं. गणपतीला विठ्ठलच्या खोलीतल्या मोदकांची उकड यूसुफची बायको झुलेखा काढून द्यायची, आणि रमजानात विठ्ठल मगरिबच्या अजानीआधीच सगळ्यांच्या पुढे येऊन खजुरांकडे बघत बसायचा. हा विठ्ठल गुहागरचा, यूसुफच्याच वर्षी आलेला. दोघांनी एकमेकांना कधी भाऊ म्हटलं नाही, त्याची गरज पडली नाही. कोणाच्या घरी मयत झाली की तिकिटासाठी मजल्यामजल्यावर फिरायचं काम या दोघांचं. खालच्या मजल्यावरचा भट्टीवाला तल्हा लग्न करून हफिजाला घेऊन आला तेव्हा तिला इमारत दाखवायला झुलेखाच गेली होती.

यूसुफची मुलगी निदा त्याच इमारतीत वाढली, शिकली आणि नर्स होऊन ब्रिस्टलला गेली. तिथून ग्विनचं गाव फार लांब नाही असं कळल्यावर यूसुफने तिच्यामागे टुमणं लावलं. शेवटी गेल्या हिवाळ्यात ती एकदा गेली आणि तिथून तिने व्हिडिओ कॉल लावला. नदी होती, डोंगर होते, घरंही तशीच टेकलेली होती. कारखान्याच्या जागी एक मोठं दुकान आणि ओल्या गाड्यांच्या रांगा होत्या.

"पप्पा, देअर इज नथिंग हिअर," निदा म्हणाली. "इट्स जस्ट अ कार पार्क."

क्लब मात्र अजून उघडा होता. तिथे काठी टेकत बसलेल्या एका म्हातारीला निदाने भांड्यांबद्दल विचारलं. म्हातारी खुलली. हो तर, आम्हीच वाजवली होती, म्हणाली. इकडून झुलेखाने मधेच तोंड घातलं. "इचार गे, कुठली भांडी घेतली होतीव?" निदाने विचारलं. जे हाताला आलं ते, म्हातारी म्हणाली. तिने तर लग्नातली परात घेतली होती, तिला पडलेला पोचा अजून आहे.

मग यूसुफने ग्विनचं नाव घ्यायला सांगितलं. म्हातारीचं तोंड मिटलं. ग्विन वारला, ती म्हणाली. त्याला मात्र आम्ही नाही वाजवलं. सगळे बाहेर पडल्यावर तो आत राहिला, मशीन सोडवून, पेट्यांत भरून देत. मशीन परक्यांना नेऊन देणारा तो. तो बाहेर आला तेव्हा आम्ही भांडी खाली धरून उभ्या होतो. त्याच्या बायकोनेसुद्धा नाही वाजवलं. परत आल्यावरही तो क्लबात कोपऱ्यात एकटा बसून प्यायचा.

निदाने फोन ठेवला. आपल्या गेटपाशी भिंतीकडे तोंड करून ग्विन का रडला ते यूसुफला आत्ता, इतक्या वर्षांनी कळलं. त्याला म्हातारीचा राग आला. पोटासाठी गेला बिचारा, त्यात त्याचं काय चुकलं?

"मी असती तर वाजवली असती," झुलेखा म्हणाली. "कसाव असला तरी माणूस घरी येत होता ना?"

उन्हाळा लागला तशी मिल विकल्याची बातमी आली. बाहेरून येणारी सळई स्वस्त पडते म्हणे. म्हणजे शहाणे इथेही पोचलेच. जागेवर गोदामं होणार होती आणि मशीन जालन्याच्या एका पार्टीने घेतलं होतं. लोकांना फोनवर मेसेज आला: अमुक तारखेची दिवसपाळी शेवटची. ज्यांनी आयुष्यभर भट्टीची धग अंगावर घेतली त्यांना दोन ओळींत खलास. रागाने लोकांची डोकी फिरली होती, पण जो तो एकच बोलत होता. जाताना असं वाजवू, की शेठला त्याच्या दिवाणखान्यात ऐकू जाईल. सगळे एकदमच निघणार म्हणून ठरलं की ओळीने एकेकाने चालायचं आणि बाकीच्यांनी वाजवायचं. शेवटून दुसरा विठ्ठल आणि शेवटचा यूसुफ.

दोन दिवस आधी प्लांट मॅनेजर राजनने यूसुफला केबिनमध्ये बोलावलं. राजन नाशिकचा, इंजिनियर, बोलायला गोड. त्याने स्वतः उठून चहा दिला तेव्हाच यूसुफने ओळखायला हवं होतं.

"यूसुफभाई, ते वाजवायचं प्रकरण नको," राजन म्हणाला. "वरून स्ट्रिक्ट सांगितलंय. कामावरून काढलेली माणसं हातोडे घेऊन पत्रे बडवतायत, असा एक व्हिडिओ बाहेर गेला की दंगल म्हणतील. पोलीस येतील. मग सगळ्यांचे इकाम्याचे कागद अडकतील. तुमचं ऐकतात ते."

"साहेब, इतकी वर्षं चाललंय."

"इतकी वर्षं मिल चालू होती." राजन थोडा पुढे झुकला. "आणि मी तुमचं नाव पुढे दिलंय. मशीन सोडवायला तुम्ही राहा, आणि मशीनबरोबर जालन्याला जा. उभं करून द्या, त्यांच्या पोरांना शिकवा. तुमच्या त्या ग्विनसारखं. तुमच्याशिवाय आहे कोण?"

तुमच्याशिवाय आहे कोण. हे तीन शब्द यूसुफने किती वर्षं ऐकायची वाट पाहिली होती, कोण जाणे. पोलिसांची भीती खोटी नव्हती, आणि लोकांचे कागद अडकू नयेत हेही त्याला मनापासून वाटत होतं. पण केबिनमधून बाहेर पडताना त्याच्या डोळ्यांसमोर कागद नव्हते. जालना होतं, पिवळं हेल्मेट घालून भोवती उभी राहिलेली पोरं होती, आणि सगळं शिकवून झाल्यावर त्या पोरांनी त्याला वाजवलं होतं. क्लबातल्या त्या म्हातारीचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि त्याने ते बाजूला सारलं.

शेवटच्या दिवशी लाइन थांबली. माणसं हातात मिळेल ते घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांची तोंडं एक नंबरच्या स्टँडकडे वळली. यूसुफने घण उचलला नाही. त्याने हात वर करून सांगितलं की वाजवायचं नाही, पोलीस येतील, सगळ्यांचेच कागद अडकतील. हळू बोलून कारखान्यात काही ऐकू जात नाही, म्हणून त्याला ते ओरडून सांगावं लागलं, आणि भट्टी विझलेली असल्यामुळे त्याचा स्वतःचा आवाज छपराला लागून परत आला.

कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. एकेकाने हातातलं खाली ठेवलं आणि सगळे घोळक्याने गेटकडे चालू लागले. सगळ्यांत शेवटी विठ्ठल क्रेनच्या शिडीवरून उतरला. त्याच्या हातात तो नेहमी पत्र्यावर हाणायचा तो मोठा पाना होता.

"तुला काय दिल्यानी रे?" त्याने विचारलं.

"जालन्याला जातोय. मशीन लावून द्यायला."

विठ्ठलने पाना यूसुफच्या पायाशी ठेवला. "बरा आहे," तो म्हणाला. "पण तुज्या टायमाला कोण वाजवणार?"

चार दिवसांनी विठ्ठल विमानात बसला तेव्हा यूसुफ त्याला सोडायला गेला नाही. गेला असता तर विठ्ठलने हाकलून दिलं नसतं, आणि तेच यूसुफला सोसलं नसतं. इमारत मजल्यामजल्याने रिकामी होऊ लागली. हफिजा वर यायची बंद झाली. जिन्यात भेटली तरी झुलेखाला सलाम करून, भिंतीला लागून खाली उतरायची. झुलेखाला सगळं कळलं होतं. तिने नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही, आणि यूसुफला वाटलं तिला काही ठाऊक नाही. इतकी वर्षं संसार करून पुरुष एवढंच शिकतो.

मशीन न्यायला जालन्याहून मयूर नावाचा पोरगा चार जणांना घेऊन आला. सालस होता, काका काका करत मागे फिरायचा. यूसुफला एकदम हुरूप आला. कुठला बोल्ट आधी ढिला करायचा, कुठल्या रोलला कुठल्या बाजूने खूण करायची, जोडताना काय चुकतं, चुकलं तर सळई कशी नागासारखी उसळून बाहेर येते, सगळं तो कळकळीने सांगत सुटला. मयूर फोन समोर धरायचा. "काका, जरा इकडं बघून बोला, व्हिडिओ काढून घेतो." यूसुफ टोपी सारखी करून फोनकडे बघत बोलायचा. घरी येऊन झुलेखाला सांगायचा, पोरं हुशार आहेत, जालन्यात लवकर शिकतील.

पेट्या भरल्या. एक नंबरचं स्टँड शेवटी निघालं. ओतीव अक्षरांवर फळ्या ठोकल्या गेल्या. ट्रेलर बंदराकडे जायला उभे राहिले तेव्हा यूसुफने मयूरला जरा संकोचानेच विचारलं, आपलं तिकीट कधीचं.

मयूर गोंधळला. "तुमचं तिकीट? जालन्याचं? मला तर कोणी काही बोललं नाही, काका." मग त्याचा चेहरा खुलला. "आणि तुम्हाला कशाला एवढ्या उन्हात त्रास? सगळं व्हिडिओत आलंय ना."

राजनचा फोन लागला नाही. तो मस्कतला नव्या नोकरीवर रुजू झाला होता आणि त्याने नंबर बदलला होता. कंपनीचे सरकारी कागद बघणारा मंदूब तेवढा उरला होता. त्याने यूसुफच्या हातात घरी जायचं तिकीट ठेवलं, मुंबईचं, त्याच आठवड्याचं, आणि उद्यापासून गेटला कुलूप लागेल असं सांगितलं.

ट्रेलर निघून गेले. यूसुफ भट्टीच्या तोंडापाशी गेला आणि तिथून गेटकडे चालायला लागला. रोलची रांग नव्हती, रूळ नव्हते. काँक्रीटमधून वर आलेले कापलेले बोल्ट आणि तेलाचे काळे डाग तेवढे होते. विठ्ठलने ठेवलेला पाना तिथेच पडला होता. यूसुफने तो उचलला आणि कशावर हाणावा म्हणून चारी बाजूंना पाहिलं. क्रेनसुद्धा भंगारवाल्याने नेली होती. त्याने पाना परत जमिनीवर ठेवला. गेटबाहेर तो पठाण वॉचमन सावलीत बसला होता. आज कानात बोटं घालायची वेळ आली नाही याचं त्याला नवल वाटलं असावं.

खैतानच्या बसमध्ये यूसुफला रडू आलं नाही. त्याला फक्त लाज वाटली. वाटेत त्याने काय सांगायचं ते जुळवून ठेवलं.

दार झुलेखाने उघडलं. ती पाठ लावून दाराच्या मागेच उभी असावी, कारण बेल वाजायच्या आतच कडी निघाली. दाराशी चपलांच्या स्टँडवर तिची मोठी स्टीलची परात आणि पळी होती. शेजारी तेलाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. आवराआवरी चालली असेल, यूसुफला वाटलं.

"काय झाला?" झुलेखाने विचारलं. "वाजवल्यानी?"

"वाजवल्यानी तर," यूसुफ म्हणाला. बुटांच्या नाड्या सोडायला तो खाली वाकला, म्हणजे तिच्याकडे बघावं लागलं नाही. "जालन्याची पोरं होती ना, त्यांनी. ट्रेलरवाले पण आले. लय वाजवल्यानी. अजून कान वाजतात."

मग चपलांच्या स्टँडवरून निदाचा आवाज आला. "अम्मी? इज ही होम? नाउ?"

यूसुफने मान वर केली. फोनच्या काचेत निदा होती, ड्युटीच्या कपड्यांत, तिच्या एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात चमचा. झुलेखाची पळीकडे गेलेली बोटं तिथेच थांबली होती.

"नको गे," झुलेखा म्हणाली. "त्यांचा झाला तिकडंच."

निदाने पातेलं खाली घेतलं. "ओह. ओके. काँग्रॅट्स, पप्पा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

खोटं सांगितलं, कोणी नाही वाजवलं, तू वाजव, एवढं म्हणायला यूसुफने तोंड उघडलं. बोलला असता तर विठ्ठलचंही सांगावं लागलं असतं. त्याने तोंड मिटलं आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

झुलेखाने परात उचलली, पदराने पुसली आणि आत नेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून उकडीचा वास आला. त्याच परातीत ती भाकरीसाठी तांदळाचं पीठ मळत होती.